शेतावरील सूर्यशक्ति : जमाखर्चाचा विचार

मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांत स्थायिक झालेल्या पुष्कळ कुटुंबांचें एक पाऊल अद्यापि गांवच्या बांधावर असतें. वडिलार्जित जमीन भाऊ किंवा चुलते कसतात, सातबाऱ्यावर मात्र सर्वांचीं नांवें असतात. आणि अलीकडे दिवाळीच्या सुट्टींत मंडळी एकत्र जमली कीं, पीकपाणी आणि लग्नकार्यें यांच्या जोडीला एक नवा विषय हटकून निघतो. विहिरीवर सोलर बसवावें काय? धाकट्या भावाला तें हवें असतें. थोरल्याला त्यांत पैसे अडकून पडतील अशी धास्ती वाटते. आणि रक्कम कमी पडली तर ती शहरांतल्या भावानेंच भरावयाची असते, म्हणून त्याचें मत विचारलें जातें. त्या बिचाऱ्याला पंपाची अश्वशक्ति आणि विजेचें युनिट यांतील नातें ठाऊक असतेंच असें नाहीं. ‘ऊन फुकट आहे, मग विचार कसला?’ असें म्हणून तो मोकळा होतो.

ऊन फुकट आहे हें खरें. पाऊसहि फुकटच पडतो. परंतु तें पाणी अडवून ठेवण्यासाठीं शेततळें खणावयाचें झालें कीं पैसे मोजावे लागतात. सूर्यशक्तीचा प्रकार असाच आहे. तिच्यांत जवळजवळ सारा खर्च आरंभींच एकरकमी करावा लागतो, आणि लाभ मात्र पुढें वीस-पंचवीस वर्षें थोडा थोडा हातीं येतो. अशा व्यवहाराचा निकाल यंत्राच्या गुणावर लागत नाहीं. तें यंत्र वर्षांतून किती दिवस कामाला येतें आणि त्याच्या येण्यानें कोणता जुना खर्च बंद पडतो, या दोन गोष्टींवर तो लागतो.

प्रथम यंत्राविषयीं थोडेंसें. शेतकरी ज्यांना नुसतें ‘प्लेटा’ म्हणतात त्या सिलिकॉनच्या पट्ट्यांची शक्ति किलोवॉटमध्यें मोजतात. महाराष्ट्राच्या उन्हांत एका किलोवॉटमागें दिवसाला सरासरीनें सुमारें ४ युनिटें वीज मिळते. ५ अश्वशक्तीच्या पंपाला जवळजवळ ५ किलोवॉटच्या प्लेटा जोडतात. म्हणजे उघड्या आकाशाच्या दिवशीं सुमारें २० युनिटें हातीं येतात. वैशाखांतलें ऊन कडक, तेव्हां वीजहि भरपूर, अशी समजूत असते. परंतु प्लेटांची शक्ति २५ अंश उष्णतेला धरून छापलेली असते, आणि त्या तापल्या म्हणजे प्रत्येक अंशामागें सुमारें ०.४ टक्के वीज कमी देतात. एप्रिल-मेच्या दुपारीं प्लेट ६० अंशांपर्यंत तापली कीं छापील आंकड्यांतून सातवा हिस्सा वजा झालाच म्हणून समजावें.

आतां हिशेबाला हात घालूं. ज्याच्या मळ्यावर विजेची जोडणी नाहीं आणि जो डिझेल इंजिनावर पाणी उपसतो, असा शेतकरी आधीं घ्यावा. सांगोल्याकडचा डाळिंबाचा एखादा मळा डोळ्यांपुढें आणला तरी चालेल. ५ अश्वशक्तीचें इंजिन तासाला सुमारें १ लिटर डिझेल खातें. वर्षांतून १२० दिवस, दररोज ५ तास तें चाललें तर ६०० लिटर डिझेल झालें. लिटरला ९० रुपये धरले तर ५४,००० रुपये. त्यांत वंगण, दुरुस्ती आणि डबे वाहण्याचा खर्च मिळवला म्हणजे रक्कम सहज ६०,००० रुपयांवर जाते. त्याच ताकदीचा सौरपंप अनुदानावांचून घेतला तर अडीच ते तीन लाख रुपये पडतो. २ लाख ८० हजार धरूं. ही रक्कम ११ टक्के व्याजानें काढली, आणि देखभालीला वर्षाला ५,००० रुपये बाजूस ठेवले, तर उरलेल्या ५५,००० रुपयांच्या बचतींतून सारें कर्ज सुमारें आठ वर्षांत फिटतें. प्लेटांचें आयुष्य पंचवीस वर्षांचें असल्यामुळें हा व्यवहार चांगला म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु याच हिशेबांत एकच आंकडा बदलून पाहावा. पाणी थोडें आहे, विहीर माघांतच तळ दाखवते, आणि इंजिन वर्षांतून फक्त ४० दिवस चालतें असें समजूं. मग डिझेल २०० लिटर, म्हणजे १८,००० रुपये. वरखर्चासह फार तर २०,००० रुपये. तिकडे २ लाख ८० हजारांवर ११ टक्क्यांनीं होणारें नुसतें व्याजच ३०,८०० रुपये. म्हणजे डिझेलचा सारा खर्च वांचूनहि व्याज भागत नाहीं. मुद्दलाचें तर नांवच नको! यंत्र तेंच, ऊन तेंच, शेतकरीहि तोच. फरक पडला तो विहिरींतल्या पाण्याचा. सौरपंप विकावयास येणारा दलाल प्लेटांची हमी, कंपनीचें नांव आणि शेजारच्या गांवांत बसवलेले पंप यांविषयीं तासभर बोलतो. विहिरीला फेब्रुवारींत किती पाणी असतें हें मात्र तो विचारीत नाहीं. घरच्या मंडळींनीं तें आधीं विचारावें.

येथें अनुदानाचा प्रश्न येतो, आणि तो आला म्हणजे सारें चित्र पालटतें. केंद्र सरकारनें २०१९ सालीं ‘पीएम-कुसुम’ योजना सुरू केली. महाराष्ट्रांत २०२४ सालीं ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. हिच्यांत सर्वसाधारण शेतकऱ्याला किंमतीचा १० टक्के, आणि अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के वांटा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर ३ अश्वशक्तीचा, पांच एकरांपर्यंत ५ चा आणि त्याहून अधिक असेल तर ७.५ चा पंप मिळूं शकतो. २ लाख ८० हजारांच्या पंपासाठीं शेतकऱ्याच्या खिशांतून जातात ते २८,००० रुपये. वर्षाला ४० दिवसच इंजिन चालवणाऱ्याचे पैसेहि यांत दीड-दोन वर्षांत वसूल होतात. शेतकऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर असा सौदा नाकारणें वेडेपणाचें ठरेल. उरलेले नव्वद टक्के सार्वजनिक तिजोरींतून जातात, आणि चाळीस दिवसांच्या उपशासाठीं ते खर्च करावेत काय हा वाद निराळा आहे. परंतु तो सोडवण्याचा भार सांगोल्याच्या डाळिंबवाल्यावर टाकतां येणार नाहीं.

ज्याच्या मळ्यावर विजेची जोडणी आहे त्याची गोष्ट अगदीं वेगळी आहे, आणि शहरांतल्या मंडळींचा बहुधा येथेंच घोंटाळा होतो. त्यांच्या घरीं दरमहा विजेचें बिल येतें, म्हणून गांवींहि तें येत असेल आणि सौरपंपानें तें वांचेल असें त्यांना वाटतें. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. तिची मुदत मार्च २०२९ पर्यंत ठेवली आहे. ज्याचें बिल शून्य आहे त्याचें सौरपंपानें काय वांचणार? शून्यांतून कांहींहि वजा केलें तरी शिल्लक पडत नाहीं. अशा शेतकऱ्यानें पदरचे तीन लाख घालून प्लेटा घेतल्या तर त्याला रुपयांत मोजतां येईल असा लाभ मिळत नाहीं.

तरीहि असे शेतकरी सौरपंप मागतात, आणि ते कांहीं खुळे नव्हेत. शेतीची वीज फुकट असली तरी ती केव्हां येते हें पाहिलें पाहिजे. ती पाळीपाळीनें मिळते. एका पाळींत दिवसा आठ तास, तर दुसऱ्या पाळींत रात्रीं दहा तास. रात्रपाळीच्या आठवड्यांत शेतकऱ्याला मध्यरात्रीं उठून, बॅटरी हातांत घेऊन उंसांत दारें धरावीं लागतात. पायाखालीं साप आहे कीं काय हें दिसत नाहीं. जुन्नर-आंबेगांवच्या बाजूला बिबट्याचें भय असतें. गडी रात्रीं कामाला येत नाहीं, आला तर जास्त मजुरी मागतो. झोपेंत वाफा फुटून पाणी भलतीकडे जातें. शिवाय डीपी जळाली कीं ती बदलून मिळेपर्यंत पीक माना टाकतें, आणि ऐन फुलोऱ्यांत आठ दिवस पाणी चुकलें तर सबंध हंगामाचा पैसा बुडतो. सौरपंपाची खरी किंमत या सर्वांशीं ताडून पाहिली पाहिजे. दिवसाच्या पाण्याला कोणत्याहि वहींत भाव लिहिलेला नसतो. पण ज्या घरांतला कर्ता मुलगा पौषाच्या थंडींत रात्रीं दोन वाजतां मळ्यावर जातो, त्या घरांतल्या आईला तो भाव ठाऊक असतो.

मात्र या सुखासाठीं स्वतःच्याच मळ्यांत प्लेटा असल्या पाहिजेत असें नाहीं. २०१७ सालीं सुरू झालेल्या आणि २०२३ मध्यें वाढवलेल्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ योजनेची कल्पना अशी कीं, गांवाजवळच्या उपकेंद्रापाशीं एकच मोठा सौरप्रकल्प उभारावा आणि शेतीच्या तारेंतूनच सर्व पंपांना दिवसा वीज पुरवावी. अहिल्यानगर जिल्ह्यांतील राळेगण सिद्धी हें तिच्या पहिल्या प्रयोगस्थळांपैकीं एक. ज्या गांवाच्या उपकेंद्रावर असें काम चालूं आहे तेथील जोडणीदार शेतकऱ्यानें कर्ज काढून वेगळा सौरपंप घेण्याची घाई करूं नये. शिवाय सरकारी सौरपंप हा जोडणी नसलेल्यांसाठीं आहे. पंप पदरांत पाडून घेऊन तारहि कायम ठेवावी, असा दुहेरी बेत त्यांत बसत नाहीं.

पंपाच्या ताकदीविषयीं फार फसगत होते. २० युनिटांत पाणी किती निघेल हें पाणी किती खोल आहे त्यावर अवलंबून असतें. पाणी १०० फुटांवर असेल तर दिवसाला लाखभर लिटर येईल. २०० फुटांवर त्याचें निम्में, आणि ३०० फुटांच्या बोअरमधून जेमतेम ३५,००० लिटर. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी पसरावयाचें म्हणजे ४,००० लिटर लागतात, आणि उन्हाळ्यांतल्या उभ्या उंसाला दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी हवें असतें. म्हणजे एकरीं पंचवीस हजार लिटरांहून अधिक. शंभर फुटांच्या विहिरीवर जो पंप चार एकर ऊंस जगवील, तोच तीनशे फुटांच्या बोअरवर सव्वा-दीड एकरालाच पुरेल. सातबाऱ्यावरचे एकर पाहून पंप ठरतो खरा. पण पाणी सातबारा वाचून वर येत नाहीं.

आणखी एक गोष्ट. तारेपासून तुटक असलेल्या सौरपंपाच्या प्लेटा वर्षभर उन्हांत उभ्या असतात, आणि पावसाळ्यांत, कापणींत किंवा विहीर आटल्यावर त्यांची वीज वायां जाते. म्हणून याच प्लेटांवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की अशीं यंत्रेंहि चालवतां येतील असा नियंत्रक आतां मिळतो. गोठ्यांत पांच-सहा जनावरें असलेल्या घरानें त्याची चौकशी अवश्य करावी.

ज्या शेतीधंद्याला बाराही महिने दिवसा वीज लागते आणि जेथें विजेचें बिल खरोखरच भरावें लागतें, तेथें हिशेब सर्वांत सरळ बसतो. कुक्कुटपालन, दुधाचें शीतकरण, द्राक्षांचें शीतगृह हे तसे धंदे. छपरावर १० किलोवॉटचा संच घातला तर वर्षाला सुमारें १४,००० युनिटें मिळतील. युनिटला ७ रुपये पडत असतील तर ९८,००० रुपये वांचतील, आणि साडेपांच लाखांचा संच सहा वर्षांच्या आंत आपली किंमत परत करील. येथें अनुदानाची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. कोंबड्यांच्या शेडचें छप्पर तेवढें वजन पेलेल काय हें मात्र आधीं मिस्त्रीला दाखवावें.

वीज विकून पैसा मिळवावा ही कल्पनाहि आतां गांवोगांव पोंचली आहे. तिचा पहिला नांव घेण्याजोगा प्रयोग गुजरातेंत झाला. खेडा जिल्ह्यांतील ढुंडी गांवच्या सहा शेतकऱ्यांनीं आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या साहाय्यानें सौरपंपधारकांची सहकारी मंडळी काढली, आणि २०१६ सालीं तेथील वीजकंपनीशीं पंचवीस वर्षांचा करार करून उरलेली वीज युनिटला ४ रुपये ६३ पैसे दरानें देण्यास आरंभ केला. याचें महत्त्व पैशांपुरतें नाहीं. ज्याचा पंप फुकट चालतो त्याला तो बंद करण्याचें कारण उरत नाहीं. पाणी वाहत राहतें आणि भूजल खालीं जातें. परंतु उपसा न केलेल्या प्रत्येक युनिटाचे पैसे मिळूं लागले म्हणजे शेतकरी आपण होऊन पाणी जपतो. गुजरात सरकारनें २०१८ सालीं ‘सूर्यशक्ति किसान योजना’ याच धर्तीवर काढली. तिच्यांत पहिलीं सात वर्षें युनिटला ७ रुपये आणि पुढें साडेतीन रुपये असा दर होता. महाराष्ट्रांत मात्र भर दिला गेला तो तुटक पंपांवर, आणि मराठवाड्यासारख्या खडकाळ, तहानलेल्या प्रदेशाच्या दृष्टीनें ही निवड चिंता वाटावी अशीच आहे. दहा शेजाऱ्यांनीं दहा पंप बसवले आणि दहाहि विहिरी मार्गशीर्षांतच आटल्या, तर वर दिलेला ४० दिवसांचा हिशेब सर्वांनाच लागूं पडेल.

महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला दुसरा मार्ग आहे तो जमीन भाड्यानें देण्याचा. सौर कृषी वाहिनी योजनेंत हेक्टरीं वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरीं सुमारें ५०,००० रुपये भाडें ठरवलें असून त्यांत दरवर्षीं ३ टक्के वाढ आहे. कोरडवाहू एकरांत पांच क्विंटल सोयाबीन झालें आणि २०२४-२५ चा ४,८९२ रुपये हमीभाव मिळाला, तर सारे मिळून साडेचोवीस हजार रुपये होतात. त्यांतून बी, खत, फवारणी आणि मळणी वजा व्हावयाची असते. भाडें याच्या दुपटीहून अधिक, तेंहि पावसाकडे डोळे न लावतां. हलक्या, माळरानाच्या जमिनीला याहून चांगला उपयोग मिळणें कठीण. तथापि करार पाव शतकाच्या घरांतला असतो हें विसरूं नये. ३ टक्के वाढीनें पंचविसाव्या वर्षीं भाडें अडीच लाखांवर जाईल. पण महागाई वर्षाला ५ टक्के राहिली तर त्या अडीच लाखांची किंमत आजच्या पाऊण लाखाहून किंचित् अधिक भरेल. काळी, पाण्याखालची जमीन यांत अडकवणें शहाणपणाचें नाहीं. आणि गांवाजवळची, पुढें बिनशेती होण्याजोगी जमीन तर नाहींच नाहीं.

भाडें घेण्यापेक्षां प्रकल्पच आपण काढूं, अशी उमेदहि कोठें कोठें दिसते. एका मेगावॉटला चार-पांच एकर जमीन आणि सुमारें चार कोटी रुपये लागतात असें धरूं. पंधरा-सोळा लाख युनिटें वीज, दर तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाचें उत्पन्न ४५ ते ४८ लाख. तीन कोटींचें कर्ज १० टक्क्यांनीं पंधरा वर्षांत फेडावयाचें तर हप्ता ३९ लाखांवर जातो. देखभाल आणि विमा पांच लाख. हातीं उरतात एक ते चार लाख, आणि तेंहि स्वतःचे एक कोटी गुंतवून! तेवढीच जमीन नुसती भाड्यानें दिली असती तर कसलाहि धोका न पत्करतां दोन-अडीच लाख आले असते. हा धंदा ज्यांना स्वस्त भांडवल मिळतें त्या मोठ्या कंपन्यांचा आहे. शेतकऱ्यानें त्यांत घर गहाण टाकूं नये.

पंप घ्यावयाचा ठरलाच तर कांहीं बारीक गोष्टी राहतात. सरकारी योजनेंतल्या पंपाची दुरुस्ती आणि विमा पांच वर्षेंपर्यंत पुरवठादाराकडे असतो. त्यानंतर नियंत्रक बिघडला तर तो खर्च घरचा. म्हणून सहाव्या वर्षापासून कांहीं रक्कम दरसाल बाजूला काढावी. प्लेटा पंधरवड्यांतून एकदां सकाळीं, त्या थंड असतांना धुवाव्या. झाडाची किंवा विजेच्या खांबाची सांवली एका कोपऱ्यावर पडली तरी सबंध ओळीची वीज उतरते. तेव्हां बांधावरच्या कडुनिंबापासून जागा दूर निवडावी. अर्जासाठीं पैसे मागणारीं बनावट संकेतस्थळें पुष्कळ झालीं आहेत. भरणा अधिकृत ठिकाणींच करावा.

आणि अर्ज भरतांना सातबाऱ्यावरील इतर हिस्सेदारांचें ना-हरकतपत्र जोडावें लागतें. गांवच्या भावाचा अर्ज पुष्कळदां या एका कागदासाठींच अडून राहतो; कारण एक सही पुण्याला असते, दुसरी ठाण्याला, आणि तिसरी सासरीं गेलेल्या बहिणीची नाशकाला. विहिरीला फेब्रुवारींत पाणी असेल आणि मळ्यावर तार नसेल, तर तो कागद दिवाळीच्या सुट्टींतच सर्वांनीं सही करून द्यावा. उन्हाळी पिकाचीं पाणी देण्याचीं वेळापत्रकें शहरांतल्या सवडीसाठीं थांबत नाहींत.